शून्य दराचा निर्यातदार

हजीऱ्यात माणसाची ओळख त्याच्या पाटीवर असते. चौराह्यावरून किल्ला गेटकडे निघालं तरी आणि उलट बिर्लानगरकडे वळलं तरी दोन्ही हातांना पाट्याच पाट्या. कुणी ट्रेडर्स, कुणी ज्वेलर्स, कुणी 'अँड सन्स'. यातले बरेचसे सन्स नोकरीसाठी कधीच गुडगावला गेले आहेत, पण पाटीवरून त्यांना कुणी उतरवलेलं नाही. ज्याच्या दारावर पाटी नाही तो नोकरीत असतो, आणि नोकरीतही नसेल तर त्याच्याविषयी हळू आवाजात बोलायचं असतं. मी या दुसऱ्या वर्गात बरीच वर्षं काढली. घरी बसून अनुवाद करतो. गिऱ्हाइकं परदेशातली, त्यामुळे दारात कुणी येत नाही, माल चढत नाही, उतरत नाही. समोरच्या किराणावाल्या भाईसाहेबांनी एकदा आईला सहानुभूतीनं विचारलंही होतं, "माताजी, लड़के का कहीं जमा नहीं क्या?"

मग कायद्यानंच माझ्या दारावर पाटी लावली.

जीएसटीच्या नियमावलीत अठरावा नियम आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दर्शनी भागात लावायचं आणि जीएसटी क्रमांक प्रवेशद्वारावरच्या नामफलकावर लिहायचा, एवढंच तो सांगतो. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुकान असणार, कारखाना असणार. मागच्या अंगणात पेरूचं झाड असलेली खोली आणि तिथे शब्दकोशांच्या कपाटाला पाठ टेकून बसलेला एक माणूस, हे दृश्य त्याला सुचण्याचं कारण नव्हतं. पण नियम सगळ्यांना सारखा. म्हणून आता आमच्या दारावर वडिलांच्या नावाच्या संगमरवरी पाटीखाली पत्र्याची दुसरी पाटी आहे. तिच्यावर आकडे आणि अक्षरं मिळून पंधरा खुणा. पहिल्या दोन 23, म्हणजे मध्य प्रदेश. पुढच्या दहा माझ्या पॅनच्या. मग या राज्यातली माझी कितवी नोंदणी ते सांगणारी एक, त्यानंतर झेड, आणि शेवटची आधीच्या चौदांची पडताळणी करणारी. भाईसाहेब आता मला 'आपका लड़का' म्हणत नाहीत, 'आपकी फर्म' म्हणतात.

फर्म काय करते, तर निर्यात. इथं महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा, कारण 'निर्यातदार, हजीरा' असं वाचलं की लोकांना सुरतेजवळचं बंदर आठवतं आणि पाठोपाठ जहाजं दिसू लागतात. आमचा हजीरा ग्वाल्हेरचा. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. ग्वाल्हेर म्हणजे तसं तीन गावं: किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं लष्कर आणि पलीकडे मुरार. मराठी माणसं बहुतेक लष्करात. आम्ही जुन्या ग्वाल्हेरच्या बाजूला पडलो ते बिर्लांच्या जियाजीराव कॉटन मिलमुळे, जिला सगळं गाव 'जे.सी. मिल' म्हणतं. वडील मिलच्या कचेरीत होते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली, घर मात्र राहिलं. घरापासून थोड्या अंतरावर मुहम्मद गौस यांचा जाळीदार भव्य मकबरा, आणि त्याच आवारात तानसेनाची साधी, छोटी समाधी. हजीऱ्यातून बाहेर गेलेल्या दोनच गोष्टी लोकांना ठाऊक आहेत, गाणं आणि कापड. आता तिसरी: वॉशिंग मशीनची मराठी माहितीपुस्तिका.

या सगळ्याची सुरुवात एका तांबड्या चांदणीनं झाली. जर्मनीतल्या एका कंपनीनं मला आपल्या यादीत घेण्यासाठी अर्ज पाठवला होता. त्यात एक रकाना होता: व्हॅट नंबर. शेजारी ती चांदणी, म्हणजे रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकणार नाही. युरोपातल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. मोरिस लोरे नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कल्पनेतून 1954 साली फ्रान्समध्ये हा कर आला आणि मग दीडशेहून अधिक देशांत पसरला, त्यामुळे जगातल्या प्रत्येकाला व्हॅट नंबर असतोच अशी तिकडे समजूत आहे. अमेरिकेत हा कर नाही, म्हणून अमेरिकन गिऱ्हाईक व्हॅट विचारत नाही. ते 'डब्ल्यू-आठ बेन' नावाचा फॉर्म पाठवतं, आणि त्यात आपण अमेरिकन नाही हे आपणच लिहून द्यायचं असतं. हजीऱ्यात राहून हे लिहून देणं मला तरी जड गेलं नाही.

पण जर्मनांना काय कळवायचं? मध्य प्रदेशात व्हॅट आला 2006 मध्ये, महाराष्ट्रात त्याच्या एक वर्ष आधी. तो होता मालावर. अनुवाद हा माल नव्हे, सेवा. सेवांवर केंद्राचा वेगळा सेवाकर होता, 1994 पासूनचा. 1 जुलै 2017 च्या मध्यरात्री हे दोन्ही आणि आणखी बरेच कर जीएसटीत विरघळले. व्हॅट उरला तो पेट्रोल, डिझेल आणि मद्य अशा मोजक्या गोष्टींपुरता. म्हणजे जर्मनांना खराखुरा व्हॅट नंबर द्यायचा तर मला एक तर पेट्रोल पंप काढायला हवा होता, नाहीतर दारूचं दुकान. दुसऱ्याची सोयही होती, कारण अख्ख्या मध्य प्रदेशचं अबकारी मुख्यालय आमच्याच गावात आहे, मोतीमहालात.

आमचे सीए लष्करात दालबाजाराजवळ बसतात. मराठी आहेत, वडिलांचे स्नेही, त्यामुळे मला अरेतुरे करतात. त्यांना रकाना दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "रिकामा ठेवता येत नाही तर तिथं 'लागू नाही' लिही. तुझी वर्षाची उलाढाल वीस लाख आहे का?"

"नाही हो काका."

"होणार आहे का?"

या प्रश्नाला कुठल्याही अनुवादकाकडे मानाचं उत्तर नसतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते इतर अनुवादकांच्याही उपयोगाचं आहे. सेवा देणाऱ्याची देशभरातली एकूण उलाढाल आर्थिक वर्षात वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची, काही विशेष राज्यांत दहा लाखांच्या वर. या वीस लाखांत परदेशातून आलेले पैसेही मोजायचे. 'मी तर निर्यात करतो, माझ्यावर कर शून्य, मग नोंदणी कशाला' असं म्हणून सुटका होत नाही. दुसऱ्या बाजूनं, निर्यात हा कायद्याच्या भाषेत आंतरराज्य व्यवहार, आणि आंतरराज्य व्यवहार करणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी, असा मूळ कायदा होता. जीएसटी आल्यानंतर पहिले तीन महिने देशातले किती अनुवादक, चित्रकार आणि संगणकवाले या एका कलमामुळे झोपले नसतील! शेवटी 13 ऑक्टोबर 2017 ला अधिसूचना निघाली आणि वीस लाखांच्या आतल्या सेवावाल्यांना या सक्तीतून वगळलं. तेव्हापासून आमच्यासारखे लोक नोंदणीशिवाय सुखानं निर्यात करू शकतात.

"म्हणजे तुला नंबर लागत नाही," काका म्हणाले. "पण हवाच असेल तर मिळतो. स्वेच्छानोंदणी. एकदा घेतलास की वीस लाखांची भिंत तुझ्यासाठी पडली. मग प्रत्येक देशी बिलावर कर, प्रत्येक तिमाहीला विवरण. काही कमावलं नाहीस तरी 'काही कमावलं नाही' असं कळवायचं. उशीर झाला तर त्या काहीनाहीवर दिवसाला वीस रुपये."

"फायदा काय?"

"खर्चावर भरलेला कर परत मागता येतो."

मी मनातल्या मनात नव्या लॅपटॉपवरचे अठरा टक्के मोजले. काकांनी ते चेहऱ्यावरून ओळखलं असावं. म्हणाले, "लॅपटॉप भांडवली वस्तू. कर न भरता निर्यात करणाऱ्याला त्याचा परतावा नसतो. तो कर देशी बिलांच्या करात वळवून घे. परतावा इंटरनेटचा, इतर किरकोळ खर्चाचा. आणि माझ्या फीचा."

म्हणजे परतावा मागण्यासाठी जी फी द्यायची, तिच्यावरचा कर हीच माझ्या परताव्याची सगळ्यात भरीव बाब. शिवाय हजार रुपयांच्या आतला परतावा कायदा देतच नाही.

इतकं ऐकूनही मी नोंदणी घेतली. कारण व्यवहाराचं नव्हतं, दारावरच्या रिकाम्या जागेचं होतं. हे काकांना सांगितलं नाही, पण वडिलांच्या ओळखीचा माणूस, त्यांनी ताडलं असणार.

घरी परतताना तानसेनाच्या समाधीवरून आलो. आवारातल्या चिंचेचा पाला खाल्ला की आवाज गोड होतो म्हणतात. कर माफ होतो असं मात्र कुणी म्हणत नाही. खरं तर तानसेनाला माफी आहे. शास्त्रीय किंवा लोकसंगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताला जीएसटी नाही, फक्त एका कार्यक्रमाचा मोबदला दीड लाखाच्या वर जाता कामा नये. अकबरानं तानसेनाला काय काय दिलं त्याच्या गोष्टी ऐकल्यावर ही अट पहिल्याच मैफलीत मोडली असती असं वाटतं. त्याच अकबराच्या पदरी अनुवादकही होते. महाभारताचं फारसी करायला बसवलेला बदायुनी त्या कामावर मनापासून वैतागलेला होता, आणि त्यानं ते लिहूनही ठेवलं आहे. पण तो पगारी. नोकरानं मालकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही. वैतागलेल्या अनुवादकाला करमाफी हवी असेल तर एवढी एकच वाट आहे: कुणाच्या तरी दरबारात नोकरी धरायची.

कागद जमवायला बसलो. पॅन, आधार, फोटो, बँकेचं खातं, आणि धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून वीजबिल. वीजबिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एक पिढी लोटली, पण वीजवाल्यांच्या लेखी ते दरमहा पंखा लावतात. मालमत्ताकराची पावती आईच्या नावावर निघाली, तेव्हा ठरलं की आईनं संमतीपत्र द्यायचं: माझ्या मालकीच्या घराची मागची खोली मुलगा धंद्यासाठी वापरतो, त्याला माझी हरकत नाही. आईनं चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला. शिक्षण, लग्न, केस, जेवणाच्या वेळा, माझ्या कुठल्याही गोष्टीला आपली हरकत नाही असं तिनं आजवर तोंडी सांगितलेलं नव्हतं, आणि इथं तर लेखी मागत होतो.

"'धंदा' नको लिहूस," ती म्हणाली. "'काम' लिही."

"आई, कायद्यात धंदाच आहे."

"तुझ्या आजोबांनी उभ्या जन्मात धंदा केला नाही आणि त्यांच्या बिलावर तू धंदा करणार." पण सही केली.

काही दिवसांनी जागा पाहायला एक तरुण निरीक्षक आले. अतिशय सज्जन. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले, मग चहाही घेतला. मागच्या खोलीत उभे राहून त्यांनी चारी भिंती न्याहाळल्या आणि विचारलं, "माल कहाँ रखते हैं?"

मी कपाट दाखवलं. वरच्या फळीवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. त्याखाली हिंदी कोश, इंग्रजी कोश, कायद्याचे परिभाषाकोश. त्यांनी मोल्सवर्थ उचलून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला आणि समाधान पावले. मालाला वजन होतं. मोबाइलवर खोलीचा फोटो काढला. त्या फोटोत मी, मोल्सवर्थ आणि खिडकीतून आत डोकावणारी पेरूची फांदी आहे. सरकारदरबारी माझी आस्थापना ती एवढी.

अर्जात सेवेचा संकेतांक द्यावा लागतो. अनुवाद आणि दुभाषेपणाचा 998395. आमच्या अलीकडे-पलीकडे कोण राहतं ते मी हौसेनं पाहिलं. त्याच रांगेत सजावटीचं आरेखन आहे, वैज्ञानिक सल्ला आहे, व्यापारचिन्हं आहेत, प्रायोजकत्व आहे. शेजार चांगला आहे, सगळे सुस्थितीतले दिसतात. या आळीत अनुवादकाला कुणी 'जमलं नाही का' असं विचारणार नाही.

क्रमांक आला तेव्हा वाटलं संपलं. पण निर्यातदाराला आणखी एक कागद लागतो, हमीपत्र. बाहेरच्या देशात सेवा पाठवताना दोन वाटा असतात: आधी अठरा टक्के भरा आणि मग परत मागा, किंवा हमीपत्र देऊन मुळात भरूच नका. जीएसटीच्या सुरुवातीला लहान माणसाला हमीपत्राची सवलत नव्हती, बंधपत्र आणि बँकेची हमी द्यावी लागे. ऑक्टोबर 2017 पासून ती जवळजवळ सगळ्यांना खुली झाली. हमी अशी की बिलाचे पैसे वर्षाच्या आत परदेशी चलनात आणीन, नाही आले तर व्याजासकट कर भरीन. हे पत्र दर आर्थिक वर्षासाठी नव्यानं द्यायचं, आणि त्यावर दोन स्वतंत्र साक्षीदारांची नावं, पत्ते, व्यवसाय.

साक्षीदार म्हणून मी भाईसाहेबांना विचारलं. दुसरे शेजारचे काका, जे.सी. मिलमधून बाहेर पडलेले. दोघांनीही विनातक्रार होकार दिला, पण भाईसाहेबांनी एक शंका काढली. "भैया, गवाही तो दे देंगे, लेकिन एक्सपोर्ट होते हुए हमने कभी देखा नहीं." मी त्यांना खोलीत नेलं, संगणकावर एक फाईल उघडली, ईमेलला जोडली आणि त्यांच्यादेखत पाठवली. हो गया? हो गया. ते थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मिलवाले काका मात्र समजून हसले. त्यांच्या काळात गाठी बांधल्या जायच्या, भोंगा व्हायचा, गाड्या लागायच्या, आणि शेवटी पगार थकला. ते म्हणाले, "आवाज न करता जातंय ना, मग टिकेल."

बिलावर एक ठरावीक ओळ छापावी लागते: हा पुरवठा निर्यातीसाठी असून हमीपत्राखाली एकात्मिक कर न भरता केला आहे. ती इंग्रजीतच ठरलेली आहे, मोठ्या लिपीत. माझ्या हातून जाणाऱ्या सगळ्या मजकुरात ही एकच ओळ अशी की जिचा अनुवाद कुणी मागत नाही, आणि मी सुचवूही नये.

शिंद्यांच्या दरबारात पत्रं लिहायला चिटणीस असत, हिशेबाला फडणीस, खजिन्याला पोतनीस आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळायला पारसनीस. चार हुद्दे, चार घराणी, चार आडनावं. मी सकाळी पारसनीस असतो, दुपारी गिऱ्हाइकाला पैशांची आठवण करताना चिटणीस, संध्याकाळी बँकेचं परकीय रकमेचं प्रमाणपत्र शोधताना पोतनीस, आणि तिमाहीच्या अखेरीस फडणीस. फरक एवढाच की दरबारात या चौघांचं आपसात पटत नसेल तर निवाडा करायला वर महाराज होते.

आता गमतीची गोष्ट. कायद्यानं सेवा निर्यात ठरायची तर देणारा भारतात हवा, घेणारा बाहेर हवा, पुरवठ्याचं ठिकाण बाहेर हवं, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली असेल तिथं रुपयांत यायला हवेत, आणि देणारा-घेणारा ही एकाच आस्थापनेची दोन अंगं नसावीत. माझी माहितीपुस्तिका या पाचही कसोट्यांवर उतरते. पण ती वाचतं कोण? जर्मनीत मराठी माहितीपुस्तिका वाचून कपडे धुणारा माणूस असलाच तर तो सापडायला कठीण. माझी वाक्यं हजीऱ्याहून जर्मनीला जातात, तिथं छापली जातात, यंत्राबरोबर खोक्यात बसतात आणि परत इकडेच येतात, लातूरला, चिपळूणला, भंडाऱ्याला. एकदा तर हजीरा चौराह्यावरच्या दुकानातून आमच्याच घरी आली. मराठी पानं पाहून आईनं आनंदानं वाचायला घेतली. चौथ्या पानावर थांबली. म्हणाली, "हे कुणी लिहिलंय? 'ढोलात कपडे कोंबू नयेत.' बरोबर आहे, पण 'कोंबू' हा शब्द कंपनीवाल्यांना कसा ठाऊक?"

कायद्याला हा प्रवास दिसत नाही, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नाही. कर तिथं लागतो जिथं सेवा विकत घेणारा बसतो, आणि आपला कर आपण परदेशात पाठवायचा नाही. शब्द पुढे कुठं जाऊन वाचले गेले त्याचा माग काढत बसलं तर कुठल्याच सरकारला विवरण मागवता यायचं नाही.

मात्र याची दुसरी बाजू पुण्याहून फोन करून आली. तिथल्या एका लहान प्रकाशकासाठी मी अधूनमधून काम करतो. एका लेखाचे तीन हजार. नोंदणीनंतर पहिलं बिल गेलं, त्यात तीन हजारांवर पाचशे चाळीस. ग्वाल्हेर ते पुणे, 23 ते 27, आंतरराज्य, अठरा टक्के.

"अहो, हे पाचशे चाळीस काय आहेत?"

"जीएसटी आहे."

"तुम्ही तर आपले! जर्मनांकडून किती घेता?"

"त्यांच्याकडून शून्य."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अत्यंत हळुवारपणे, "म्हणजे मराठीत आणलेल्या लेखावर कर, आणि वॉशिंग मशीन माफ?"

त्यांचं दुःख खरं होतं, आणि ते त्यांना वाटलं त्याहूनही खोल होतं. दुसऱ्या एखाद्या नोंदणीकृत धंदेवाल्यानं हे पाचशे चाळीस आपल्या करातून वळते करून घेतले असते. प्रकाशकाला ते येत नाही, कारण छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पुस्तक करमुक्त. विक्रीवर कर नाही म्हणून खर्चावरच्या कराची वजावटही नाही. कागद, छपाई, अनुवाद, सगळ्यांवरचा कर त्याच्याच गळ्यात. माझी निर्यातही शून्याची, पण तिचं शून्य वेगळं. ते 'शून्य दर' आहे, म्हणजे विक्रीवर काही नाही आणि मागचं भरलेलंही नियमांत बसेल तेवढं परत मागता येतं. पुस्तकाचं शून्य दार बंद करून घेतं, निर्यातीचं शून्य दार उघडं ठेवतं. बिलावर दोन्ही सारखीच दिसतात. पाचशे चाळीसांचं आम्ही असं केलं की मी दर उतरवला, त्यांनी थोडा वाढवला, आणि कर दोघांच्या मधे कुठंतरी बसला. मराठी प्रकाशनव्यवहार असाच चालतो.

या शून्याचं शिक्षण मला बाहेरून घ्यावं लागलं नाही. हजीऱ्याहून किल्ला गेट जवळ आहे, आणि तिथून गडावर चढणाऱ्या वाटेवर एकाच खडकातून कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. आतल्या भिंतीवर विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. तारखेसकट दगडावर कोरलेल्या भारतातल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी दोन त्यात आहेत. जगभरचे गणिती ती पाहायला चढून येतात. आम्ही लहानपणी तिथं सावलीला बसायचो.

शून्य म्हटलं की ध्यान, वैराग्य, आकाश असं काहीतरी मनात येतं. शिलालेखात यातलं काही नाही. तो एक नोंदणीचा कागद आहे. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, 270 हात लांब आणि 187 हात रुंद. माळ्यांनी 50 माळा द्यायच्या. तेल्यांनी घाण्यामागे तेल द्यायचं. कुणी, किती, कशाच्या बदल्यात. फार काय, माहिती दर्शनी भागात लावलेली आहे, अठराव्या नियमानुसार. शून्य इथं आलं ते तत्त्वज्ञानातून आलेलं नाही, हिशेबातून आलेलं आहे, आणि ते शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान कोरलेलं आहे, जरा अंग चोरून उभं असल्यासारखं.

पण जागा धरून. मला त्या दगडासमोर उभं राहिल्यावर सीए काकांचं सगळं व्याख्यान एकदम कळलं. एकटं शून्य म्हणजे 'काही नाही'. तेच 27 च्या उजवीकडे उभं राहिलं की जमीन दसपट होते. (27 हा महाराष्ट्राचा संकेतांक, हा निव्वळ योगायोग. तरी लष्करातल्या मराठी मंडळींना सांगावा असा.) 'लागू नाही' असं लिहून मी बाहेर राहिलो असतो तरी सरकारला माझ्याकडून मिळायचं ते शून्यच होतं, आणि आत आल्यावरही शून्यच आहे. खजिन्याला फरक नाही. मला आहे. आधी मी हिशेबाच्या बाहेरचं शून्य होतो, आता हिशेबातलं आहे. आपण घरात बसून जे करतो त्याला एक संकेतांक आहे, त्याच्या फोटोत पेरूची फांदी आहे, दोन साक्षीदार आहेत आणि आईची हरकत नाही.

इतर अनुवादकांना मी काय सांगू? वीस लाखांच्या आत असाल, गिऱ्हाईक नंबरासाठी अडून बसलं नसेल आणि पुण्यात एखादा प्रकाशक असेल, तर रकान्यात 'लागू नाही' लिहा आणि सुखानं झोपा. वीस लाखांच्या वर असाल तर सल्ला विचारायला माझ्याकडे येऊ नका, मलाच तुमच्याकडे यायचं आहे. मधल्या लोकांनी, ज्यांना नंबर लागत नाही पण हवासा वाटतो, त्यांनी एक लक्षात ठेवावं. सरकार शून्याला जागा देतं, तिथंच त्याचं काम संपतं. 50 मधलं मोल डावीकडच्या पाचाचं असतं. तो आकडा सीए काका भरत नाहीत, जर्मनही भरत नाहीत. तो आपणच लिहायचा, एकेक वाक्य करत, आणि तिमाही संपल्यावर तेरा तारखेच्या आत.